बाबांनी काय खाल्लं

॥ श्री ॥

धंतोली, नागपूर
ता. १८ जानेवारी १९४२

चि. गिरिधर यास,

यमुताईचे अनेक आशीर्वाद. आई, तुझी शामला, भैयाजी आणि मी, सगळे धडधाकट आहोत. तू आहेस की नाहीस ते तुझ्या पत्रावरून कळेना, म्हणून रात्रीची आवराआवर होताच लिहायला बसले.

डिसेंबरातलं तुझं पत्र काल मिळालं. तीन ओळी काळ्या शाईनं खोडलेल्या होत्या. तू कुठे आहेस ते त्या ओळींत असावं. वाळू फार आहे एवढं मात्र कुणी खोडलं नाही, त्यावरून आम्ही समजायचं ते समजलो. फौजेतली पत्रं उघडून वाचतात म्हणे. वाचणाऱ्याला मराठी येत असेल तर त्यालाही माझा नमस्कार.

इकडे यंदा थंडी जबर आहे. रॉकेलसाठी रांगा लागतात. आमच्या शाळेत आता भोंगा वाजला की मुलींनी बाकाखाली बसायचं अशी कवायत सुरू झाली आहे. पहिलीतल्या मुलींना त्यात इतकी मजा वाटते की बाहेर निघायलाच तयार होत नाहीत. संत्री भरपूर आली आहेत. आईच्या मनात तुला करंडी पाठवायचं होतं. पोस्टातल्या माणसानं हसून सांगितलं, बाई, पोचेपर्यंत नुसता वास राहील. त्यानंतर दोन दिवस तिनं संत्र्याला हात लावला नाही.

आता तुझ्या दुसऱ्या कागदाबद्दल. तो वेगळी घडी घालून फक्त माझ्या नावानं टाकलास ते बरं केलंस. आईला तो दाखवलेला नाही, शामलालाही नाही. तळ सोडून पुढे गेल्यापासून स्वतःचं शिजवायची सोय उरली नाही, लंगरात मांसाचं नि डाळीचं पातेलं शेजारी शेजारी असतं नि पळी एकच, म्हणून तू दोन महिने बिस्किटं, चहा आणि चण्यांवर काढतो आहेस, हे वाचून माझा जीव थाऱ्यावर नाही. हिरड्यांतून रक्त येतं, डॉक्टर म्हणतात मिळेल ते सगळं खा. आणि तू म्हणतोस, बाबांच्या तसबिरीवर हात ठेवून आईला शब्द दिलाय, बाबांसारखा राहीन म्हणून.

तू लिहिलंस तसं भैयाजींना विचारलं. बाबांचे सख्खे वडील भाऊ. एकाच कचेरीत कारकून, मागच्या महायुद्धात एकाच बोटीनं बसऱ्याला उतरले, कूतच्या वेढ्यात पाच महिने एकाच खंदकाशेजारी राहिले. तिथे काय खाऊन दिवस काढले, ते त्यांच्याशिवाय सांगणार कोण?

दुपारी ते अंगणात उन्हाला बसले होते. मी वही घेऊन गेले. त्यांनी आपण लहानपणापासून ऐकलेलं तेच सांगितलं. नदीच्या वळणावरचं गाव, चहूकडून तुर्क, धान्य संपत आलेलं. सातूचं पीठ रोज मूठभर, त्यात निम्मा कोंडा. मग घोडी नि खेचरं मारायला लागले. बाबांसमोर मांस आलं आणि त्यांनी ताट बाजूला सारलं. नदीकाठचा पाला उकडून खाल्ला, पण धर्म सोडला नाही. रामनवमीपासून तिसऱ्या दिवशी गेले. हे सगळं त्यांनी अगदी त्याच शब्दांत सांगितलं. मी लिहून घेत होते आणि पुढचं वाक्य मला आधीच ठाऊक असायचं.

मग मी म्हटलं, "गिरीच्या हिरड्यांतून रक्त येतं आहे, भैयाजी. तिकडे वेढ्यात तुम्ही त्यावर काही उपाय केला होता का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काळ्या पडल्या काय हिरड्या?"

"ते लिहिलं नाही."

"लहानपणी सायकलवरून पडला होता तो. नडगीवर खूण होती त्याची. ती उघडली काय?"

"पंधरा वर्षांची खूण कशी उघडेल, भैयाजी?"

त्यावर ते उठून आत गेले, आणि रात्री जेवायलाही आले नाहीत. आईला वाटलं उन्हाचा ताप. मला काय वाटलं ते मलाच नीट सांगता येत नाही. उद्या पुन्हा विचारते.

शामला तुझा स्वेटर विणते आहे. वाळवंटात कशाला म्हणून मी चिडवलं, तर म्हणाली, तिथे रात्री थंडी पडते असं भूगोलात होतं.

तुझी,
यमुताई


॥ श्री ॥

धंतोली, नागपूर
ता. २३ जानेवारी १९४२

चि. गिरिधर यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र लहानच लिहिते आहे. घरी सगळं ठीक.

भैयाजींना विचारलं. उपयोगाचं असं काही निघालं नाही. फार जुनी गोष्ट झाली ना ती.

पण तू डॉक्टरचं ऐक. लंगरात जे शिजेल ते खा. डाळ, भाजी, अंडं, मांस, जे ताटात येईल ते. शब्दाचा विचार करू नकोस. तो शब्द आईला दिलास, आणि आई इथे आहे, तिला कळणार नाही. का म्हणून विचारू नकोस. मी थोरली आहे, तुझ्यासाठी एवढं माझ्या अंगावर घेते.

पत्र मिळताच खाल्लं म्हणून एक ओळ टाक. माझ्या शाळेच्या पत्त्यावर टाक.

यमुताई


॥ श्री ॥

धंतोली, नागपूर
ता. ३१ मार्च १९४२

चि. गिरिधर यास,

इस्पितळातून आलेलं तुझं पत्र परवा मिळालं. तुझं म्हणायचं, अक्षर दुसऱ्या कुणाचं आहे. दोन दात पडले. नडगीवरची जुनी जखम उघडली. अंगात रक्त नाही, नुसत्या लिंबाच्या पाण्यानं भागणार नाही, मांसाचा रस घ्यायला हवा असं डॉक्टर रोज सांगतात आणि तू वाटी रोज परत पाठवतोस. खाली मला उद्देशून लिहवलं आहेस, "ताई, ज्या गोष्टीपायी बाबांनी जीव दिला, ती मी तुझ्या एका चिठ्ठीवरून सोडू? कारण तरी सांग."

कारण सांगते. दोन महिन्यांपूर्वीच सांगायला हवं होतं.

जानेवारीत मी तुला लिहिलं, उपयोगाचं काही निघालं नाही. ते खोटं होतं. पहिलं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी भैयाजी शाळेच्या फाटकाशी येऊन उभे होते. म्हणाले, चल, जरा तलावापर्यंत जाऊ. जुम्मा तलावाच्या काठी पायऱ्यांवर आम्ही बसलो. पाच वाजले असतील, धोबी कपडे गोळा करत होते. 

"घरी तुझी आई असते," ते म्हणाले. "म्हणून इथं आणलं तुले."

"बोला ना."

"मी खाल्लं वं."

मला कळेना. "काय खाल्लं?"

"घोडं. माघापासून खात होतो."

गिरी, त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिते, कारण माझ्या शब्दांत सांगायला गेले तर मी त्यात काहीतरी मऊ करीन.

माघात ते कामावर, फौजेच्या कोठारात चक्कर येऊन पडले. खेचरांच्या तळावरच्या जमादारानं त्यांना उचलून नेलं आणि कसलंसं गरम पाणी पाजलं. "पहिल्या घोटाले वाटलं डाळीचं पाणी आहे. दुसऱ्या घोटाले समजलं. तिसरा घोट समजून घेतला." तिथून पुढे ते रोज संध्याकाळी त्या तळावर जात. जनावरांचा दाणा वाटायला जातो असं बाबांना सांगत. दाणा उरला नव्हता आणि जनावरंही थोडीच उरली होती, पण बाबांनी कधी विचारलं नाही.

"मग त्यांनाही द्यायचं होतं," मी म्हटलं.

"ऐकून घे. पुढं आहे."

फाल्गुनात हिंदुस्थानातून बिनतारी यंत्रावर तार आली. संकटात असं अन्न खाल्लं तर धर्म जात नाही, असं शास्त्र्यांनी कळवलं होतं. आपल्या बोलीची सतरा माणसं त्या कोठारावर होती. कारकून, हमाल, गाडीवान. साहेबानं भैयाजींना सांगितलं, तू ब्राह्मण आहेस, तू वाचून दाखव, तुझं ऐकतील. त्यांनी वाचून दाखवलं. बाबा पुढेच बसले होते. वाचून झाल्यावर उमरेडकडचा एक गाडीवान म्हणाला, "महाराज, तुम्ही खाता काय? तुम्ही खाल्लं तर आम्ही खातो."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, मी नाही खाणार."

"काहून, भैयाजी?"

"त्या वक्तालेही पोटात होतं वं माझ्या. हो म्हटलं असतं तर तुझ्या बापानं, केशवनं पुसलं असतं, आजपासून, का आधीपासून. मी वडील. घरून निघताना मीच त्याले शपथ घ्यायले लावली होती. सतरा माणसांसमोर तोंडातून हो निघालं नाही." मग म्हणाले, "रोज नदीच्या खालच्या अंगानं, आम्हाले सोडवायले येणाऱ्या आपल्या फौजेच्या तोफा ऐकू यायच्या. जवळ येऊन राहिल्या असं वाटायचं. म्हटलं, आठ दिवसांत सुटू. आठ दिवस तर माणूस काढतोच. मग कोणाले काही कळायचं कारण नाही."

ते आठ दिवस चैत्रापर्यंत लांबले.

एकदा बाबा एकटे त्यांच्याकडे आले होते. म्हणाले, "भैयाजी, मले आता राहवत नाही. मी खातो. घरी सांगू नका." त्यावर भैयाजी त्यांना काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, "यमूच्या डोक्यावर हात ठेवून आलास ना तू? गिरीच्या डोक्यावर ठेवलास ना?"

मी तेव्हा चार वर्षांची होते. तू पाळण्यात होतास. आपली नावं घेऊन त्यांनी बाबांना परत पाठवलं.

मी विचारलं, त्या सतरांतले किती परत आले. ते बोटांवर मोजत, न आलेल्यांचीच नावं घ्यायला लागले. नाव आणि गाव. हिंगण्याचा अमुक, काटोलचा तमुक. एकाही नावाला अडखळले नाहीत. तेरा नावं झाल्यावर थांबले आणि म्हणाले, "चौदावा केशव."

तिथून उठताना म्हणाले, "तुझ्या आईले सांगू नको. तिच्याजवळ तेवढंच आहे." मी मान हलवली. घरी आले, आईनं पोहे केले होते, ते खाल्ले. चार दिवसांनी तुला ती चिठ्ठी लिहिली.

मी गप्प का राहिले, ते विचारशील. आईसाठी, असं मी स्वतःला सांगत होते. ते खरं नव्हतं. ताट बाजूला सारणारा बाप मला हवा होता. शाळेत मुलींना धैर्य म्हणजे काय ते शिकवताना मी दहा वर्षं त्यांचीच गोष्ट सांगत आले आहे. ती मोडायला माझा हात धजेना. म्हणून तुला म्हटलं, खा, पण का ते विचारू नकोस. आणि तू तिकडे वाट्या परत पाठवत राहिलास. म्हणजे भैयाजींनी बाबांना केलं तेच मी तुला केलं. हे मला परवा कळलं, त्याच्या आधी एकदाही मनात आलं नाही, याचंच मला जास्त भय वाटतं.

आता परवाचं.

परवा बाबांची तिथी होती. ब्राह्मण जेवून गेले होते. भैयाजी पाटावर बसले होते, शामला वाढत होती, आई नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या दाराआड. तेवढ्यात पोस्टमन आला. पाकिटावर इस्पितळाचा शिक्का पाहून मी उभ्यानेच ते फोडलं, आणि शामला समोर आ वासून उभी, म्हणून मोठ्यानं वाचावंच लागलं. दात, नडगी, परत पाठवलेली वाटी, सगळं. फक्त माझ्यासाठीची ओळ गिळली.

वाचून झालं तेव्हा शामलाच्या हातातल्या भांड्यातून कढी जमिनीवर सांडत होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

आतून आईचा आवाज आला. "निभावेल तो. त्याच्या बाबांचा मुलगा आहे. आजच्या दिवशीच पत्र आलं, त्यांचाच आशीर्वाद समजा."

भैयाजींनी घास खाली ठेवला.

"मी खाल्लं होतं," ते म्हणाले. आवाज एवढा लहान की मला वाटलं आईला ऐकूच गेलं नसेल. मग त्यांनी सगळं सांगितलं, तलावावर सांगितलं होतं त्याच क्रमानं. तार, गाडीवान, तोफा, आपल्या डोक्यावरचा हात. शामला भिंतीला टेकून खाली बसली. आईचा काही आवाज नाही. मला वाटलं तिला भोवळ आली असावी, म्हणून मी दाराकडे जाणार, तो ती स्वतःच बाहेर आली.

तुला माहीत आहे, मोठे दीर म्हणून आई भैयाजींसमोर कधी उभी राहिली नाही, एक शब्द थेट बोलली नाही. ह्यांना सांग, त्यांना विचार, सगळं आपल्यामार्फत. परवा ती येऊन त्यांच्या ताटासमोर उभी राहिली.

"माझ्याकडे बघा, भैयाजी."

ते बघेनात.

"शेवटी काय झालं ते सांगा. पुरतं सांगा."

तेव्हा जे निघालं ते मलाही ठाऊक नव्हतं. तलावाच्या पायरीवरसुद्धा त्यांनी ते ठेवून घेतलं होतं.

रामनवमीला बाबा उठेनात. पाय सुजलेले, तोंडात फोड. दुसऱ्या दिवशी भैयाजी जमादाराकडून रस्सा घेऊन आले, टोपीखाली झाकून. म्हणाले, डाळीचं पाणी आहे, घे. बाबांनी वास घेतला आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"समजलं त्याले," भैयाजी म्हणाले. "माझ्या हातालेही तोच वास होता. कधीपासूनचा ते समजलं."

"काही बोलले?" आईनं विचारलं.

"नाही. तोंड उघडलं. मी चमच्यानं पाजलं. चार चमचे गेले."

"मग?"

"म्हणाला, चांगलं लागतं."



"पोटात राहिलं नाही," भैयाजी म्हणाले. "इतक्या दिवसांच्या उपाशी पोटाले ते सोसत नाही, डॉक्टर मग बोलला मले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. त्यानंतर दोनच दिवसांनी विमानांनी पिठाची पोती टाकली." ते पाटावरून उठायला लागले.

"ताटावरून उठू नका," आई म्हणाली. "जेवण पुरं करा. आज ह्या घरात कोणी उपाशी उठायचं नाही."

आणि ती तिथेच उभी राहिली. भैयाजींनी भात कालवला. ते एकेक घास घेत होते आणि आई बघत होती. ताटात काही उरलं नाही तोवर ती हलली नाही. मी आयुष्यात कुणाला असं जेवताना पाहिलेलं नाही, आणि पुन्हा पाहायचं नाही.

ते हात धुवायला गेल्यावर आई खाली बसली. रडली नाही. "सव्वीस वर्षं मी त्यांच्या नावानं एकवेळ जेवले," ती म्हणाली, मला नाही, शामलाला नाही, कुणालाच नाही. "त्यांना चांगलं लागलं होतं. आणि मी माझ्या पोराला उपाशी ठेवलं."

मी तेव्हा सांगितलं की हे मला जानेवारीपासून ठाऊक आहे. आईनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तिच्याबद्दल मी लिहिणार नाही. शामला बोलली, आणि तिचा आवाज मी एवढा चढलेला कधी ऐकला नव्हता. "दोन महिने, यमुताई? तुम्ही रोज माझ्यासमोर जेवत होतात. ह्यांना आजच्या आज लिहा. नाहीतर मी लिहिते."

लिहायला दोन दिवस लागले. पाच कागद फाडले.

भैयाजी काल सकाळच्या मोटारीनं सावनेरला लेकीकडे, कौशल्येकडे गेले. जा असं त्यांना कुणी म्हटलं नाही. राहा असंही कुणी म्हटलं नाही. मी फाटकापर्यंत गेले होते. मोटारीत चढताना म्हणाले, "पोराले लिही, लाजू नको म्हणून." एवढंच.

तर कारण हे आहे, गिरी. बाबांनी ताट बाजूला सारलं नव्हतं. त्यांना भूक लागली होती आणि त्यांनी मागितलं होतं. ते नाही दिलं गेलं. शेवटी मिळालं तेव्हा त्यांनी तोंड उघडलं. तुला बाबांसारखं राहायचं असेल तर वाटी परत पाठवू नकोस.

खालच्या दोन ओळी आईच्या हातच्या आहेत. तिला सही करण्यापुरतं येतं हे तुला माहीत आहेच. बाकीची अक्षरं मी पाटीवर काढून दिली, ती बघून तिनं लिहिलं. दुपार गेली त्यात. एक काना राहिला आहे, तो मी मुद्दाम घातला नाही.

तुझी अपराधी,
यमुताई

चि. गिरिधरास आशिर्वाद. शब्द सुटला. दवाखान्यात देतिल ते सर्व खणे.
तुझी आई भागीरथा


॥ श्री ॥

धंतोली, नागपूर
ता. २९ जून १९४२

चि. गिरिधर यास अनेक आशीर्वाद.

तुझं मे महिन्यातलं पत्र मिळालं, आणि या वेळी अक्षर तुझं आहे हे पाकिटावरच दिसलं. आईनं ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. पहिल्या दिवशी उलटून पडलं, दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशी अर्धी वाटी राहिली, हे वाक्य तर चौथ्यांदाही. मग म्हणाली, "अर्धी राहिली म्हणजे पुढे पुरी राहील." शामलानं पत्र नेलं ते अजून परत दिलेलं नाही. तिनं मला माफ केलंय की नाही ते विचारायची माझी हिंमत नाही. पण काल माझ्या वेणीला तिनं फूल आणलं.

आई आता संध्याकाळीही जेवते. पहिल्या दिवशी भाकरीचा तुकडा हातात घेऊन बराच वेळ बसली होती. आम्ही दोघी तिच्याकडे न बघता जेवत राहिलो. बाबांची तसबीर आहे तिथेच आहे. मुलींना ती गोष्ट आता मी सांगत नाही. दुसरी कुठली सांगावी ते अजून सुचलेलं नाही.

तू विचारलंस, भैयाजींना पत्र टाकू का, आणि टाकलं तर काय लिहू. ते तुझं तू ठरव. माझं काय झालं तेवढं सांगते.

सावनेरहून त्यांचं कार्ड आलं होतं. कार्डावर एकच ओळ, "गिरिधरचे दात कसे आहेत?" खाली कौशल्येनं तिच्या अक्षरात लिहिलं होतं की तिचे अण्णा हल्ली बोलत नाहीत, सकाळी उठून एका वहीत कुणाकुणाची नावं नि गावं लिहितात, आणि त्या गावांना मोटार कुठून मिळते ते विचारत फिरतात. गेल्या आठवड्यात काटोलला जाऊन आले. तिथे कुणाच्या घरी गेले, काय बोलले, तिला सांगितलं नाही. आले तेव्हा सदऱ्याची बाही फाटलेली होती. आता हिंगण्याला जायचं म्हणतात.

ते कार्ड मी तीन दिवस ठेवून घेतलं. चौथ्या दिवशी उत्तर लिहायला बसले. "तीर्थरूप भैयाजींस" एवढं लिहिलं, आणि पुढे साष्टांग नमस्कार लिहायचा, तिथे हात थांबला. शाई सुकली. पुन्हा बुडवली, पुन्हा सुकली. आई तांदूळ निवडत होती. तिनं वर न बघता विचारलं, "कुठे अडलीस?"

मी सांगितलं.

तिनं सुपातले खडे बाजूला केले. "नमस्कार लिही," ती म्हणाली. "मोठे आहेत. पोराचं रक्त थांबलं, तेही लिही. त्यांना ते कळायला पाहिजे."

"आणि?"

"माझ्याकडून काही नाही."

तेवढंच लिहून टाकलं, गिरी. तूही डॉक्टर सोडतील तेव्हाच ऊठ, आधी नको.

तुझी वाट बघणाऱ्या तिघींतर्फे,
यमुताई